हवामान आराखडा वेगळा नको, विकास आराखड्यातच हवा

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्याआधी २०१८ मध्ये शहराचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा मंजूर झाला होता. पाणी कुठे तुंबते, कोणत्या वस्त्या उन्हाने तापतात, हिरवळ कुठे उरली आहे, हे पहिल्या कागदात आहे. कोणत्या भूखंडावर किती मजले चढतील, रस्ता कुठून जाईल, आरक्षण कशावर पडेल, हे दुसऱ्यात आहे. बांधकाम परवानगीची फाईल टेबलावर येते तेव्हा अभियंता दुसराच कागद उघडतो, कारण कायद्याने त्याला तोच बांधतो. पहिल्याला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये जागाच नाही. राज्यातली इतर शहरेही आता स्वतःचे हवामान आराखडे करू लागली आहेत आणि त्यांचीही गत हीच होणार. हवामान बदलाशी जुळवून घेण्याचे काम स्वतंत्र अहवालात ठेवले तर ते अहवालातच राहते. ते विकास आराखड्यात, बांधकाम नियमावलीत, पर्यावरण मंजुरीच्या अटींत आणि ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यात आकड्यांसह उतरले पाहिजे.

यासाठी नवा कायदा लागेलच असे नाही. १९६६ च्या अधिनियमाचे कलम २२ विकास आराखड्यात काय काय असावे ते सांगते. त्यात पूरनियंत्रणाची तरतूद आहे. त्याच यादीत सखल, दलदलीच्या जागा भरून काढण्याचीही तरतूद आहे. तेव्हा दलदल म्हणजे डास आणि हिवताप, म्हणून ती बुजवणे हे आरोग्याचे काम समजले जाई. आज तीच सखल जागा पावसाचे पाणी काही तास धरून ठेवते आणि खालच्या वस्तीला वाचवते. एकाच कलमातल्या या दोन तरतुदी एकमेकींच्या विरोधात जातात. गेल्या काही दशकांत प्रत्यक्षात कोणती वापरली गेली, हे आपल्या शहरांच्या सखल भागांकडे पाहिले की कळते.

पुराच्या बाबतीत आराखड्याचा सगळा भार पूररेषांवर असतो. राज्यात सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखली जाते. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध, निळी ते लाल हा निर्बंधित. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हे शब्द फसवे आहेत. असा पूर एकदा येऊन गेला की चोवीस वर्षे निवांत, असा त्यांचा अर्थ होत नाही. दर वर्षी त्याची शक्यता ४ टक्के असते. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता ७१ टक्के भरते. लाल रेषेच्या पुरासाठी हाच आकडा २६ टक्के आहे. आणि हे सगळे गणित एका गृहीतकावर उभे आहे, की पुढचा पाऊस मागच्या पावसासारखाच असेल. शंभर वर्षांतून येणारा पूर पन्नास वर्षांतून येऊ लागला तर तीस वर्षांतली शक्यता २६ वरून ४५ टक्क्यांवर जाते. नकाशावरची लाल रेषा मात्र होती तिथेच राहते.

ते गृहीतक आता टिकत नाही. भारतीय भूभागातील हवामान बदलाबाबत केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यांकनानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. १९५१ ते २०१५ दरम्यान देशाचा मोसमी पाऊस मात्र सुमारे ६ टक्क्यांनी घटला. एकूण पाऊस कमी आणि पडेल तो एकदम, असा हा बदल आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते, हे त्यामागचे साधे भौतिकशास्त्र. कोल्हापूर-सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सतरा वर्षांच्या आत पाहिले. तिथे जुन्या नोंदींवरून काढलेल्या रेषेवर नवा आराखडा बेतणे मला तरी समर्थनीय वाटत नाही.

पूररेषेचा दुसरा दोष कमी चर्चिला जातो. ती मोठ्या नद्यांना मिळते, ओढ्या-नाल्यांना बहुधा मिळत नाही. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री वीसहून अधिक जीव गेले, त्यात मोठा वाटा आंबिल ओढ्याच्या पुराचा होता. लहान पाणलोटाला दिवसभराचा पाऊस लागत नाही. तासा-दोन तासांची जोरदार सर पुरते आणि इशारा देण्याइतका वेळही मिळत नाही. तापमानवाढीने ज्या सरींचा जोर वाढतो आहे त्या याच. शिवाय निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात जोते लाल रेषेच्या वर घेण्याची अट घालून बांधकामाला परवानगी मिळते. एका इमारतीसाठी ही अट शहाणपणाची आहे. पण शंभर भूखंडांनी भराव टाकून जोते उचलले की नदीने पसरायची जागाच संपते, आणि जुन्या, बसक्या घरांत पाणी पूर्वीपेक्षा वर चढते. म्हणून या पट्ट्यात ‘भराव नको, खांबांवर उभारा’ अशी अट हवी. ज्याला भराव टाळताच येत नाही त्याने तेवढेच घनमीटर त्याच पाणलोटात, त्याच पातळीला खोदून द्यावेत. हे मोजता येते, नकाशावर दाखवता येते आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी तपासता येते.

शहरातल्या पाण्याचा मोठा भाग मात्र नदीचा नसतो, तो छपरांचा आणि रस्त्यांचा असतो. पर्जन्य जलवाहिनी आखताना अभियंते एक सोपे सूत्र वापरतात: वाहून जाणारे पाणी म्हणजे अपधाव गुणांक (पडलेल्या पावसातला न मुरता वाहून जाणारा हिस्सा), पावसाची तीव्रता आणि क्षेत्र यांचा गुणाकार, भागिले ३६०. तीव्रता ताशी मिलिमीटरमध्ये, क्षेत्र हेक्टरमध्ये, उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये. दहा हेक्टरचे मोकळे रान घेऊ. गुणांक ०.३, पाऊस ताशी ५० मिलिमीटर, तर पाणी निघते सेकंदाला ०.४२ घनमीटर. त्याच जागेवर गृहसंकुल झाले, गुणांक ०.८ झाला, की तोच पाऊस १.११ घनमीटर पाणी सोडतो. पावसाचा जोर २० टक्क्यांनी वाढला तर १.३३. म्हणजे पाणी तिपटीहून अधिक झाले. त्यातली मोठी उडी काँक्रीटची आहे, हवामानाची नाही. पण दोन्हींचा गुणाकार होतो. यातून धोरणाच्या दोन गोष्टी निघतात. ‘ढगफुटी झाली, आम्ही काय करणार’ हे उत्तर नगररचना विभागाला शोभत नाही, कारण गुणांक पूर्णपणे त्याच्या हातात आहे. आणि ‘आम्ही झाडे लावली’ हे उत्तरही पुरत नाही, कारण तीव्रता वाढतेच आहे.

मुंबईच्या जुन्या गटारांची रचना ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होती आणि निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे त्यात धरले होते. पुढे सुधारणेसाठी ताशी ५० मिलिमीटर आणि पूर्ण अपधाव हे प्रमाण घेतले गेले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नव्हता. इतक्या पावसासाठी कोणतीच वाहिनी बांधता येत नाही आणि तशी मागणी करणेही योग्य नाही. वाहिनी भरून वाहिल्यावर पाणी कोणत्या रस्त्याने, कोणत्या मैदानात जाईल, ते आधी ठरवलेले असावे, एवढी मागणी रास्त आहे. मैदान, उद्यान, वाहनतळ यांची आरक्षणे टाकताना त्यांची पातळी रस्त्यापेक्षा अर्धा मीटर खाली ठेवली तर एक हेक्टरचे मैदान ५,००० घनमीटर पाणी धरते. आपल्याकडे उलट होते: मैदान विकसित करायचे म्हणजे आधी त्यात मुरूम टाकून ते उचलायचे.

अंदाजच नक्की नाहीत, मग आकडा कोणता धरायचा, हा आक्षेप नेहमी येतो. तो प्रामाणिक आहे. हवामानाची जागतिक संगणकीय प्रारूपे एखाद्या तालुक्याचा २०५० सालचा पाऊस छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. पण अभियांत्रिकीत अनिश्चिततेवर तोडगा जुनाच आहे, सुरक्षेची वाढ धरण्याचा. इंग्लंडची पर्यावरण संस्था कोणत्या खोऱ्यात, किती वर्षे टिकणाऱ्या बांधकामासाठी पावसात आणि नदीच्या प्रवाहात किती टक्के वाढ धरायची, याचे तक्ते प्रसिद्ध करते आणि पूरजोखमीची तपासणी त्यावर होते. महाराष्ट्रातही कोकण, घाटमाथा, मराठवाडा, विदर्भ अशा विभागांसाठी असे तक्ते करता येतील. पुण्यात भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, हवामान विभागाच्या नोंदी आहेत. तक्ते येईपर्यंत प्रत्येक आराखडा २० आणि ४० टक्के वाढीने तपासून पाहावा आणि काय कोलमडते ते लिहून ठेवावे. बागेतली पायवाट कोलमडली तर चालेल. वीज उपकेंद्र, रुग्णालयाचा जनित्र कक्ष, पाण्याचे पंपघर कोलमडून चालणार नाही. त्यांची जागा किंवा पातळी बदला.

खर्चाची भीती दाखवली जाते तेव्हा एक गणित सांगावे. त्याच उताराच्या गोल नळातून वाहणारे पाणी व्यासाच्या आठ-तृतीयांश घाताने वाढते. म्हणजे २० टक्के जास्त पाणी न्यायला व्यास जेमतेम ७ टक्के वाढवावा लागतो. खणणे, वाहतूक वळवणे, रस्ता पुन्हा करणे हा खर्च तोच राहतो. तीच वाहिनी दहा वर्षांनी अपुरी पडली म्हणून उखडायची, तर हे सगळे दुसऱ्यांदा करावे लागते.

आता पर्यावरणीय आघात मूल्यांकनाकडे वळू. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने छाननी, कार्यकक्षा (म्हणजे अहवालात काय काय तपासायचे ते) ठरवणे, लोकांशी सल्लामसलत आणि तज्ज्ञांचे परीक्षण असे चार टप्पे घालून दिले. या सगळ्या यंत्रणेचा प्रश्न एकाच दिशेचा आहे: प्रकल्प पर्यावरणाला काय करील? उलटा प्रश्न, बदलते हवामान प्रकल्पाला काय करील आणि मग तो प्रकल्प शेजाऱ्यांना काय करील, हा जवळपास विचारलाच जात नाही. जवळपास म्हणण्याचे कारण असे, की अर्जाच्या नमुना १ मध्ये त्याची दोन बीजे आहेत. पूर, दरड, ढगफुटी अशा आपत्तींचा फटका प्रकल्पाला बसून पर्यावरणाची हानी होऊ शकते का, अशी एक ओळ आहे. आणि जागा नैसर्गिक आपत्तीला किंवा टोकाच्या हवामानाला बळी पडणारी आहे का, अशी दुसरी. पण ‘नाही’ किंवा ‘योग्य उपाय केले जातील’ एवढे लिहून या ओळी भागवता येतात. त्यामागे गणित मागितले जात नाही.

आधारभूत माहितीची गोष्ट तर अधिक चिंतेची आहे. खाणींसारख्या प्रकल्पांच्या प्रमाणित कार्यकक्षेत पावसाळा वगळून एका ऋतूची मोजमापे मागितली जातात. हवेतल्या धुळीसाठी ते ठीक आहे, पावसात धूळ बसते. पण त्याच हिशेबात पाणीही येते. पाण्याचा धोका ज्या चार महिन्यांत आहे ते सोडून अहवाल तयार होतो, आणि पुढे वर्षानुवर्षे चालणाऱ्या प्रकल्पाला त्यावर मंजुरी मिळते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या तळ्याचा बांध पावसाळ्यात फुटला आणि राख शेतांत, ओढ्यांत गेली. असे बांध, खाणीतल्या टाकाऊ मातीचे ढिगारे, सांडपाणी प्रक्रिया केंद्रे या सगळ्यांचा खरा कस अतिवृष्टीत लागतो. सांडपाणी उताराने यावे म्हणून प्रक्रिया केंद्र शहराच्या सर्वांत सखल जागी, नदीकाठी बांधतात. ते पुरात बुडाले की यंत्रे, वीजफलक, जिवाणूंच्या टाक्या सगळे निकामी होते आणि त्यानंतरचे काही महिने शहराचे मैलापाणी थेट नदीत जाते. मंजुरीच्या वेळी एकच प्रश्न विचारायला हवा होता: वीजफलक लाल रेषेपेक्षा किती वर आहे?

युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाने प्रकल्पाची हवामान बदलापुढची असुरक्षितता हा मूल्यांकन अहवालाचा अनिवार्य भाग केला. आपल्याकडे त्यासाठी संसदेत जावे लागत नाही. तज्ज्ञ मूल्यांकन समित्या प्रत्येक प्रकल्पाची कार्यकक्षा ठरवतात, तिथे चार वाक्यांची भर पुरते: प्रकल्पाचे आयुष्य किती धरले आहे, त्या काळासाठी पाऊस, उष्णता आणि पाण्याची उपलब्धता किती बदलेल असे मानले आहे, त्या बदलात कोणता भाग आधी निकामी होईल, आणि त्याचा त्रास खालच्या गावाला काय होईल. पाण्याच्या बाबतीत तर हे आग्रहाने विचारावे. धरणातून वर्षाला अमुक पाणी मिळेल हा दाखला जुन्या आवकेवर दिलेला असतो. कमी पावसाच्या वर्षी प्रकल्प चालू ठेवायचा की पिण्याचे पाणी द्यायचे, हे भांडण मंजुरीच्या दिवशीच लिहून सोडवावे.

बांधकाम प्रकल्पांचा मुद्दा वेगळा आहे. २०,००० चौरस मीटरपासूनच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते, पण त्यांना जनसुनावणीतून सूट आहे. शहराचा अपधाव गुणांक बदलणारे प्रकल्प तर हेच. सुनावणी नसेल तर निदान भूखंडातून बाहेर पडणारे पाणी बांधकामापूर्वीइतकेच राहील, ही अट आकड्यात असावी. मंजुरीधारकाला १ जून आणि १ डिसेंबरला सहामाही अनुपालन अहवाल द्यावा लागतो. डिसेंबरच्या अहवालात त्या पावसाळ्यातली सर्वाधिक तीव्रता आणि साठवण टाकी किती वेळा भरून वाहिली, एवढ्या दोन नोंदी जोडल्या तर पाच वर्षांत प्रत्येक शहराकडे स्वतःची माहिती जमेल.

रेषा आखली, पण तिला अधिकार दिला नाही, याचे ठळक उदाहरण किनाऱ्यावर आहे. समुद्रपातळीतली वाढ, लाटा, धूप लक्षात घेऊन किनाऱ्याची धोकारेषा आखण्याचे काम झाले. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ती रेषा आपत्ती व्यवस्थापनाचे साधन म्हणून ठेवली. बांधकामाच्या मर्यादा तिच्यावरून ठरत नाहीत. त्याच अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर ना-विकास पट्टा २०० वरून ५० मीटरवर आणला. किनारी गावांचे आणि शहरांचे आराखडे करणाऱ्यांनी ती रेषा स्वतःहून नकाशावर घ्यावी. त्यांना कोणी अडवलेले नाही.

दरडींबाबत याद्यांवर विसंबणे घातक ठरले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनानेच विधिमंडळात सांगितले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरड-संवेदनशीलतेचे नकाशे एकास पन्नास हजार प्रमाणाचे आहेत. त्यात अडीचशे मीटरची वाडी अर्ध्या सेंटिमीटरची होते. त्यावरून तालुका कळतो, घर कळत नाही. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वाडीच्या वरच्या उतारावर चालत जाऊन भेगा, वाकलेली झाडे, नव्याने फुटलेले झरे, रस्त्यासाठी तोडलेला पायथा यांची नोंद व्हायला हवी, आणि तीव्र उतारावरच्या परवानगीला भूवैज्ञानिकाचा दाखला सक्तीचा हवा.

खेड्यांकडे साधन आहे, ग्रामपंचायत विकास आराखडा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, तरी पाण्याचा ताळेबंद न मांडताच कामे ठरत आली. ताळेबंद अवघड नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर. हजार हेक्टरच्या शिवारात ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५,००० टीसीएम (एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर), आणि ३५० पडला तर ३,५००. त्यातला मोठा भाग माती आणि बाष्पीभवन घेते. एक हेक्टर ऊस सुमारे २० टीसीएम पाणी मागतो. ग्रामसभेत फळ्यावर हे मांडून मगच नवा बंधारा की जुन्याचा गाळ, हे ठरवावे. नाहीतर चुकीचे अनुकूलन होते. पावसाचे पाणी धरण्यासाठी दिलेली प्लास्टिक अस्तराची शेततळी कित्येक ठिकाणी विहिरी-बोअरमधून उपसा करून भरली जातात. भूगर्भात सुरक्षित असलेले पाणी उन्हात उघडे पडते आणि शेजाऱ्याची विहीर आटते.

या सगळ्यात एक धोका गंभीरपणे घ्यावा लागेल. हवामानाचे नाव पुढे करून निळ्या रेषेतली झोपडी आधी उठते आणि लाल रेषेतला टॉवर राहतो. म्हणून नवे निर्बंध आधी नव्या परवानग्यांना आणि सरकारी आरक्षणांना लागावेत. जुन्या गरीब वस्तीला इशारा यंत्रणा, जवळचा पक्का निवारा आणि पुनर्वसन करायचेच तर रोजगारापासून दूर नसलेली जागा मिळावी. ज्या मालकाची जमीन पाण्यासाठी मोकळी ठेवायची त्याला टीडीआर, म्हणजे तिथला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची मुभा, द्यावा, पण तो टीडीआर त्याच पाणलोटात वापरता येऊ नये.

२१ मार्च २०२४ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये पाहिला. आराखड्यांवरच्या हरकतींत त्याचा आधार घेता येतो. नेदरलँड्समध्ये २००३ पासून स्थानिक आराखडा मंजूर करण्याआधी जलव्यवस्थापन संस्थेचे लेखी मत घ्यावेच लागते आणि ते मानले नाही तर कारण द्यावे लागते. आपल्याकडे हे काम विद्यमान जमीन वापर नकाशाच्या टप्प्यावरच व्हावे. त्या नकाशावर समपातळी रेषा, प्रत्येक ओढा, अग्निशमन दलाच्या नोंदींतली पाणी तुंबण्याची ठिकाणे आणि दर पावसाळ्यात पंप बसवावे लागतात त्या जागा दाखवल्या, तर पुढचे आरक्षण टाकताना डोळेझाक करणे कठीण होईल.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत मिळते, आणि एकदा मंजूर झालेला आराखडा वीस वर्षांपर्यंत चालतो. हरकत लिहिताना ‘हवामान बदलाचा विचार झालेला नाही’ असे मोघम लिहू नये. नियोजन समिती ते एका वाक्यात निकाली काढते. आरक्षणाचा क्रमांक लिहावा, त्या जागेची रस्त्यापासूनची पातळी लिहावी, कोणत्या वर्षी किती फूट पाणी होते ते छायाचित्रासह जोडावे, आणि दोन लेखी उत्तरे मागावीत: या जागेसाठी कोणत्या वर्षापर्यंतच्या पावसाच्या नोंदी वापरल्या, आणि त्यात किती टक्के वाढ धरली.